पाऊण मापाचं व्हायोलिन

३ जुलै

ताई,

फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं, ठेवते' म्हणतेस आणि खरंच ठेवतेस, म्हणून हे पत्र. शिवाय ही बातमी घाईत सांगून उडवायची नाही, चवीने लिहायची आहे.

आपले वाद्यमास्तर परत आले आहेत. आता ऐंशीच्या पुढे गेलेत आणि मुलाकडे राहतात, माझ्या शाळेच्या मागच्याच गल्लीत. खरी गंमत पुढेच आहे. त्यांची नात यंदा माझ्या तिसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेली, एका जागी मिनिटभर न बसणारी. मी तिचं नाव मनात भिंगरी ठेवलंय.

तिसरीत आमच्याकडे प्रत्येक मूल आपलं पहिलं वाद्य निवडतं, हे तुला मागे सांगितलं होतं. संगीताच्या खोलीत टेबलं लावायची, मुलांनी एकेक वाद्य हातात घेऊन बघायचं. मी त्यांचे दात बघते, ओठ बघते, बोटं बघते, हात मोजते. शेवटी पत्रकावर एक शब्द लिहिते. निवड मुलाची, असं आपण म्हणतो खरं, पण चालतो तो माझा शब्द. वाद्यं मोजकी असतात, त्यामुळे एकदा लिहिलं की सातवीपर्यंत बदल नाही. एकवीस वर्षं हे काम मी एकटी करतेय. आपल्या वेळी मास्तर करायचे तेच.

तुला आठवत असेलच. मी आठ वर्षांची होते. तू पाचवीत होतीस आणि वाद्यांच्या कपाटाची किल्ली तुझ्या गळ्यात असायची. मास्तरांची पद्धत अशी की डोळे मिटून वाद्य घ्यायचं. मी डोळे मिटले, खांद्यावर व्हायोलिन ठेवलं, आणि बोटं काही तारांवर धड पोचेनात. मास्तरांनी माझा हात धरून अख्ख्या वर्गाला दाखवला. "ही बोटं व्हायोलिनची नाहीत. आखूड आहेत. हिला ट्रँगल द्या." वर्ग हसला. मग चार वर्षं ट्रँगल. स्नेहसंमेलनात एका गाण्यात तीनदा टण् करायचं आणि बाकी वेळ सरळ उभं राहायचं. आई कौतुकाने टाळ्या वाजवायची, त्याने तर अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा.

पुढे मी ढोलापासून क्लॅरिनेटपर्यंत सगळं थोडंथोडं शिकले. व्हायोलिन मात्र नाही. दुकानात दिसलं तरी मी हात मागे घ्यायचे.

निवडीचा दिवस वीस तारखेला आहे. आता मास्तरांच्या नातीचा हात माझ्या हातात येणार. सत्तेचाळीस वर्षं मी या माणसावर दात धरून आहे, ताई. देव उशिरा देतो, पण घरपोच देतो.

तुझी बारकी


९ जुलै

प्रिय बारके,

पत्र मिळालं. वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. तुझा राग लोणच्यासारखा आहे, जितका जुना तितका मुरलेला.

सोडून दे बाई. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं आता काय उट्टं काढायचं? वर्षाला साठ मुलं त्यांच्या हाताखालून जायची, एखाद्या वेळी चुकला असेल अंदाज. तू अंगानेही लहान होतीस, मावशी तर तुला डब्यात बसेल इतकी बारकी म्हणायची. त्या दिवशी तुला ताप होता असंही मला अंधुक आठवतंय. बोटं पोचली नाहीत तर नाहीत, त्यात कुणाचा दोष काढणार?

आणि त्या पोरीने तुझं काय घोडं मारलंय?

मी बरी आहे. वाद्यवृंदातून निवृत्त झाल्यापासून व्हायोलिन पेटीतच आहे. सकाळी फिरते, झाडांना पाणी घालते. एकदा ये राहायला. आपण या गोष्टी सोडून दुसरं काहीतरी बोलू.

तुझी ताई


२३ जुलै

ताई,

मला ताप नव्हता. तापाचा दिवस मला आठवला असता.

झालं. मी जे करायचं ते केलं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याची मजा नाही.

सकाळी मास्तर स्वतः नातीला घेऊन आले. काठी टेकत खोलीत शिरले, टेबलांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाले, छान मांडलंय बाई. मला ओळखलं नाही. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्याइतकं गोड कुणी वागलं नसेल.

भिंगरीने आधी बासरी उचलली. पुढचे दात नाहीत, नुसती हवा गेली. ती स्वतःच खुदकन हसली. ट्रम्पेटची तीच गत. ढोल दोनदा बडवला आणि म्हणाली, हा फार बोलतो. मग व्हायोलिनच्या टेबलाशी आली. मी नमुन्यादाखल गज फिरवला, तर तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "या तारेला सर्दी झालीय." ताई, ती तार खरोखर उतरली होती. मोठ्यांतल्या दहापैकी आठांना कळलं नसतं इतकी. एकवीस वर्षांत असा कान मी तिसरीत पाहिलेला नाही.

तिला ट्रँगल द्यायचा हा माझा आधीचा बेत. पण मला त्याहून चांगलं सुचलं. मी पत्रकावर व्हायोलिनच लिहिलं. मास्तरांचा चेहरा नुसता उजळला. आणि तिला म्हटलं, आता डोळे मीट, हात पुढे कर.

आमच्या कपाटात व्हायोलिनं मापाने टांगलेली असतात. पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. हात सरळ केल्यावर वाद्याचं डोकं तळहातात आरामात मावलं की माप बरोबर. भिंगरीचं माप अर्धं. मी पुढच्या खिळ्यावरचं काढलं, पाऊण. तेवढंच. बोटं पोचतील, पण ताणून. मनगट दुखेल. सूर दरवेळी जरासा खाली पडेल. कान चांगला नसता तर तिला कळलंही नसतं. आता तिला रोज कळेल. वर्षाच्या शेवटी ती आपणहून म्हणेल, मला जमत नाही, आणि मास्तर मान खाली घालून ऐकतील. आमच्या व्हायोलिनच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, डिसेंबरपर्यंत सुरुवातीचे धडे मीच पुस्तकात बघून घेते. कोण तपासणार?

सगळ्यात सोयीचं म्हणजे मूल वाद्याला कधी दोष देत नाही, स्वतःलाच देतं. आणि ज्याने खिळा बदलला तो मजेत, करून सवरून नामानिराळा. पण हे मी तुला काय सांगते? तू कपाट सांभाळायचीस. हे सगळं तुला माझ्याआधीपासून माहीत.

बारकी


७ ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडते.

कधीपासून माहीत होतं तुला? इतकी वर्षं माझ्या मुलांच्या वाढदिवसाला येत होतीस, माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसत होतीस, तेव्हाही माहीत होतं का? सरळ तोंडावर बोलली असतीस तर मी ऐकून घेतलं असतं. असं नातीची गोष्ट रचून, खिळा आणि कपाट लिहून टोचायची काय गरज होती? तू लिहिलेलं एकेक वाक्य माझंच आहे.

तर ऐक. हो, मी दिलं. तुझं माप पाव होतं. पाव दोन होती, दोन्ही कपाटात होती. तू डोळे मिटलेस आणि मी पाऊण काढून तुझ्या हातात ठेवलं. मास्तर माझ्याकडे पाठ करून पत्रक भरत होते. ते वळले तेव्हा तुझी बोटं ताणलेली दिसली, एवढंच त्यांनी पाहिलं.

का, ते तुला कळणार नाही, तरी लिहिते. माझी आई गेल्यावर मी तुमच्या घरी आले. मावशीने कधी दुजाभाव केला नाही, तेच तर कठीण होतं. मला तक्रार करायलाही जागा नव्हती. खिडकीजवळचा पलंग तुझा, तुझ्या बाबांच्या खांद्यावरची जागा तुझी, आई तुझी. माझं म्हणून त्या घरात एकच होतं. मी व्हायोलिन घेतलं की सगळे गप्प व्हायचे आणि माझ्याकडे बघायचे. आणि आदल्या रात्री तू जेवताना म्हणालीस, उद्या मी पण व्हायोलिन घेणार, ताईपेक्षा छान वाजवीन. तुझे बाबा हसले आणि म्हणाले, वाजवशीलच.

मला वाटलं होतं मास्तरांच्या लक्षात येईल. मग वाटलं दुसऱ्या दिवशी सांगू. मग तू ट्रँगल घेऊन घरी आलीस आणि रडलीही नाहीस, म्हणून वाटलं फार लागलं नसेल.

आता बोल मला काय बोलायचं ते. फक्त ती नात खरी असेल, तर आधी तिला तिचं माप दे.

ताई


१ सप्टेंबर

ताई,

मला माहीत नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तू कपाट सांभाळायचीस, तुला मापं कळतात, एवढंच मला म्हणायचं होतं. तू गप्प बसली असतीस तर मी मरेपर्यंत मास्तरांनाच शिव्या घालत राहिले असते आणि तुझ्यासाठी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिले असते.

पहिला आठवडा मी तुझं पत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथं ठेवलं होतं. जाता येता त्याच्याकडे बघायचे आणि भांडी आपटायचे. इतकी वर्षं मुलांचे हात मोजते, पण त्या दिवशी माझ्या खांद्यावर कोणतं माप ठेवलं होतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मास्तर म्हणाले बोटं आखूड, मी म्हटलं आखूड. साप समजून भुई धोपटत राहिले. आणि साप आमच्याच घरात, माझ्या पलंगाशेजारी झोपायचा.

नात खरी आहे. तुझं पत्र आलं तोवर पाऊण मापावर तिचे तीन आठवडे गेले होते. तिची मान तिरकी व्हायची ती आता कुतूहलाने नाही, आपलाच सूर ऐकून. बडबड बंद झाली होती. एका दिवशी मी तिच्याजवळ गेले, तर तिने गज खाली ठेवला आणि समजावणीच्या सुरात मला म्हणाली, "बाई, माझी बोटं आखूड आहेत. आजोबांनी बघितली." ताई, मास्तरांनी घरी तिचा हात धरून तेच वाक्य म्हटलं होतं. सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी एकदाही मुलाच्या हातातलं वाद्य बघितलेलं नाही, फक्त मूल बघितलंय.

मला आनंद व्हायला हवा होता. मी ठरवलं होतं ते हुबेहूब घडलं होतं. त्या संध्याकाळी मी कपाटातलं अर्धं माप काढून त्याच्या तारा सुरात लावत बसले.

दुसऱ्या दिवशी तिला अर्धं माप आणून दिलं आणि वर्गासमोर सांगितलं की तुला मी चुकीचं व्हायोलिन दिलं होतं. तिने विचारलं, चुकून?

"नाही. मुद्दाम."

"मी काय केलं होतं?"

"तू काहीच नाही. मला तुझ्या आजोबांचा राग होता."

तिने अर्धं व्हायोलिन टेबलावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसली. ते वाक्य मला बोलायला एक मिनिट लागलं. तुला सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि तेही भीतीपोटी.

संध्याकाळी मास्तर आले. शाळेच्या मोठ्या बाईही होत्या. मी दोघांना सगळं सांगितलं, माझी तिसरी, माझा ट्रँगल. मास्तरांनी डोळे मिटून आठवायचा खूप प्रयत्न केला आणि म्हणाले, "बाई, मला तुम्ही आठवत नाही." त्यांनी माफीही मागितली, पण ज्या माणसाला आपण आठवतच नाही त्याची माफी घेऊन करायचं काय? ज्याच्या नावाने मी आयुष्यभर खडे फोडले, त्याच्या लेखी मी साठातली एक. मग ते म्हणाले, माप मी कधी बघत नसे, कपाटवाली मुलगी देई ते बरोबरच असायचं, फार हुशार मुलगी होती. तुझं नाव मी घेतलेलं नाही. ते तू घेणार आहेस.

मोठ्या बाईंनी वाद्यनिवडीचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. लेखी ताकीद दिली आहे. योग्यच केलं, पण एकवीस वर्षं केलेलं काम हातातून गेलं की खोली परकी वाटते.

आता मुद्द्याचं. भिंगरी व्हायोलिनला हात लावत नाही. मी रोज अर्धं माप काढून टेबलावर ठेवते, ती रोज त्याच्याकडे पाठ करून बसते. परवा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, आधी तुम्ही शिका. माझ्यासमोर. बेसूर झालं की मी सांगणार. म्हटलं, मला शिकवणार कोण? तर म्हणाली, ते तुम्ही बघा. आठ वर्षांची पोर आहे, पण शिक्षा द्यावी तर तिने.

ते मी बघितलं आहे. तू शिकवणार. दर शनिवारी सकाळी दहाला, माझ्या शाळेच्या संगीताच्या खोलीत. पहिल्या गाडीने निघालीस तर वेळेवर पोचतेस. पहिल्या दिवशी मास्तर नातीला घेऊन येतील. शिकवायच्या आधी तू उभी राहून त्या दोघांना सांगायचं, कपाटवाली मुलगी कोण आणि तिने काय केलं. नंतर मला वाजवायला शिकवायचं. माझं केकाटणं ऐकायचं, कान झाकायचे नाहीत, चेहरा वाकडा करायचा नाही. माझ्याबरोबर ती पोरगी वाद्य उचलेपर्यंत यायचं. ती उचलेल की नाही मला माहीत नाही.

पंधरा तारखेपासून सुरुवात.

बारकी


७ सप्टेंबर

बारके,

तू म्हणशील ती शिक्षा मी घ्यायला तयार आहे, पण ही नको.

डावा गुडघा इतका सुजतो की गाडीची पायरी चढवत नाही. हातालाही कंप आहे, म्हणूनच तर वाद्यवृंद सोडला, कुणाला सांगितलं नाही इतकंच. थरथरत्या हाताने मी शिकवणार काय? आणि मास्तरांपुढे मी कशी उभी राहू? आयुष्यात मला पहिल्यांदा हुशार कुणी म्हटलं असेल तर त्यांनी. त्यांना निदान तेवढं तरी खरं वाटू दे. त्या लहान जिवाला तरी या जुन्या गोष्टी कशाला ऐकवायच्या?

माझं व्हायोलिन मी तुला पाठवते. घरचं उत्तम वाद्य आहे. एखादी चांगली शिक्षिका शोध, हवं तर मी इथून चौकशी करते.

या महिन्यात मला झोप नाही. मावशी स्वप्नात येते आणि तुझी वेणी घालत बसते. मी एकच विचारते, बारके, आणि त्याचं उत्तर मला हवं आहे. तू मला माफ करशील का?

ताई


१० सप्टेंबर

ताई,

गुडघा सुजतो तर खुर्चीवर बसून शिकव. हाताला कंप आहे तर तोंडाने सांग, तुझं तोंड शाबूत आहे. व्हायोलिन पाठवू नकोस, मी माझ्या मापाचं घेतलं आहे. दुसरी शिक्षिका मला नको. तुझ्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही हे मला माहीत आहे, शाळेत तू लहान मुलांना शिकवायचीस ते दाराआड उभी राहून मी चार वर्षं ऐकलंय.

मास्तरांना काय खरं वाटू द्यायचं ते ठरवायचा हक्क तू त्या दिवशी कपाटापाशी घालवलास. आणि त्या लहान जिवाला सगळं कळतं. मी तिला सांगितलं, एक बाई येणार आहेत, त्यांनीही एकदा माप बदललं होतं. तिने विचारलं, त्या मुलीने मग व्हायोलिन वाजवलं का? म्हटलं, नाही. त्यावर ती म्हणाली, शनिवारी येते.

स्टेशनवर मी घ्यायला येईन, पायरीला हात देईन. तेवढं मी कुणालाही करते.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे ना? नाही. शनिवारी दहाला ये.

बारकी